दोन एमएम, स्मोक

तांडापेठेत, गिरणीच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान. नंबरप्लेट, नेमप्लेट, ट्रॉफ्या.
मे महिन्यात ट्रॉफ्याच जास्त.
त्या दिवशी कुंभलकर बाई आल्या, पुठ्ठ्याचं हेल्मेट घेऊन,
मागे एक दहा वर्षांची पोरगी, निहारा.
“बालनाट्य आहे. ही चंद्रावर जाते, दुसऱ्या अंकात.
समोर काच पाहिजे. वाकलेली.”

मी म्हटलं, काच नाही, ॲक्रेलिक.
आणि बाई, मी कधी वाकवलेलं नाही,
मी अक्षरं कापतो.
पोरगी म्हणाली, “मंग? अक्षरं तं वाकडीच असतात.”

पहिली शीट
कटरने एकाच रेघेवर सात वेळा ओढली,
टेबलाच्या काठावर धरून दाब दिला.
टक् व्हायला हवं होतं.
झालं कर्रर्र, आणि चीर कोपऱ्यातून आत गेली
नागनदीसारखी, मनाला येईल तिथे.

दुसरी जिगसॉने.
पातं जोरात चाललं की कापलेलं मागच्या मागे वितळतं
आणि परत चिकटून बसतं.
आमच्या भाऊबंदकीत असं कधी झालं नाही.
हळू केलं, अजून हळू. कापली एकदाची.
मग हीटगन एकाच जागी धरली, अर्धा मिनिट जास्त,
आणि आत बुडबुडे उठले, साबुदाण्याएवढे.
चंद्रावर निघालेल्या पोरीला देवी आलेल्या.

तिसरीच्या वेळी कूलर बंद केला.
त्याची हवा एकाच बाजूने गार करते, शीट तडकते.
बाहेर पंचेचाळीस. आत किती ते विचारू नका.
शर्ट काढला, गन फिरवत राहिलो
अंगण झाडल्यासारखी, कडेकडेने, मग मध्ये.
ॲक्रेलिक ऐकायला लागलं की कळतं:
आधी अडून बसतं, मग पोटात जरा खचतं,
मग ओल्या पापडासारखं दोन्ही हातांवर लोंबतं.
तिथून पुढे वीस सेकंद तुमचे.

साचा म्हणून तांदळाचा डबा आडवा ठेवलेला,
त्यावर कापड, चरे पडू नयेत म्हणून.
घाईत हाताला आलं ते बाबांचं.
त्यांच्या मागावरून उतरलेला शेवटचा तुकडा,
लुगड्याचा, सव्वा हात, कोणी न घेतलेला.
माग शहाण्णव साली भंगारात गेला.
रूळ तेवढा राहिला, शटरला टेकू म्हणून.

दाबून धरली. हातमोज्यातूनही पोळलं.
मनात साठ मोजले.
धोटा फेकताना बाबा काही मोजायचे का,
कधी विचारलं नाही.

निघाली. बरोबर वाकलेली.
उजेडात धरली, तर डाव्या कोपऱ्यात
चार बोटं जागेत विणकर उमटलेला:
ताणा, बाणा,
आणि एक धागा तुटलेला, तिथे मारलेली गाठ,
ती गाठसुद्धा.

चारशे नंबरचा पेपर, मग हजार, मग पॉलिश.
अर्ध्या तासात जाईल. हे मला येतं, रोजचंच आहे.
पेपर पाण्यात भिजत घातला.
तो संध्याकाळपर्यंत भिजतच होता.

पोरगी आली, हेल्मेट डोक्यावर चढवलं,
गल्लीकडे तोंड करून उभी राहिली.
समोर अंडेवाल्याने बल्ब लावला होता.
“काका, इथून धागे दिसून राहिले.”
“घासून देऊ?”
तिने जरा वेळ अंडी पाहिली.
“राहू द्या. तिथं तसंबी काही नसते म्हणतात.”

बिल केलं. शीट तीन लागल्या, लिहिली एक.
बाईंनी विचारलं, वाकवायचे किती?
त्याचा भाव मला ठाऊक नव्हता.

रात्री बुडबुड्यांच्या शीटमधून
कोण्या बुलेटवाल्याचा एमएच एकोणपन्नास कापायला घेतला.
चार सरळ निघाला.
नवाच्या पोटाशी आलो तेव्हा
हात आपोआप हळू झाला.
कूलर अजून बंदच होता.